हाडाच्या खाली, बाहेरच्या अंगाला

"खोका की अण्णा. ह्यो काय खोकला हाय व्हय? मांजर शिंकल्यागत करतायसा. गुळाचा रवा पाठीवर घेतानं जसा दम लावताय तसा लावा. हां, खोका आता."

सर ओरडत होते. ओपीडीच्या मधोमध गूळ मार्केटातला एक हमाल धोतराचा सोगा मुठीत धरून उभा होता आणि साठीला टेकलेले आमचे सर्जरीचे सर त्याच्यापुढं फरशीवर एक गुडघा टेकून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हमालाच्या जांघेत रोवलेला. भोवती आम्ही बाराजण, गळ्यात कोरे स्टेथोस्कोप अडकवलेले. त्या स्टेथोस्कोपचा त्या खोलीत काडीचा उपयोग नव्हता.

सरांचा आवाज असा की तिसऱ्या 'खोका'ला बाहेरच्या बाकांवरची सगळी माणसं खोकली. शेजारी कातडीच्या ओपीडीत खाजेचे पेशंट होते, तेही खोकले. रंकाळ्यात उतरायला निघालेल्या म्हशी काठावरच थांबल्या आणि खोकल्या, असंही मला एकानं सांगितलं. मी स्वतः म्हशी बघितल्या नाहीत. पण सांगणारा माणूस खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, दूधवाला असला तरी.

शेवटी हमाल मनापासून खोकला. सरांच्या अंगठ्याशेजारी, आतल्या बाजूला, लिंबाएवढा फुगा टचकन वर आला.

"दार मी दाबून धरलंय," सर आमच्याकडं न बघता म्हणाले. "तरी ह्यो बाहेर आला. कुठनं आला?"

"भिंत फोडून, सर."

"मग नाव काय त्याचं?"

"डायरेक्ट हर्निया, सर."

"अण्णा, नेसा धोतर. आणि ती बिडी सोडा. तुमची भिंत रव्यानं न्हाई पडली, बिडीच्या खोकल्यानं पडलीया."

हमाल धोतर सावरत म्हणाला, "डाक्टर, तुमीच खोक खोक म्हणतायसा आन् तुमीच खोकू नगा म्हणतायसा." सर हसले नाहीत. ते कधीच हसायचे नाहीत. दुसऱ्याला हसू आलं तर मात्र वाट बघत थांबायचे, गाडी जाईपर्यंत रेल्वे फाटकापाशी थांबावं तसे.

पुस्तकात जांघेच्या हर्नियाला वीस पानं होती. सरांकडं तो सगळा विषय एका घरात मावायचा. "वेशीतनं येतो त्यो पावणा. आतल्या दारातनं शिरतो, बोळातनं तिरका चालत खाली उतरतो. दारावर अंगठा ठेवला की पावणा आतच. त्यो इनडायरेक्ट. भिंत पाडून सरळ अंगावर येतो त्यो दरोडेखोर. त्यो डायरेक्ट. दिसाय दांडगा, पर सहसा जीव घेत न्हाई. तिसरा मोरीतनं शिरतो. सुपारीएवढा असतो, बायकांत जास्त, कुणाच्या नजरंला पडत न्हाई. अडकला की आतडं काळं करूनच थांबतो. त्यो फिमोरल. परीक्षेत तुमाला पहिले दोन इचारतील. माणूस मरतंय तिसऱ्यानं."

आणि तिसरा ओळखायचा तो हाडावरून. जांघेच्या आतल्या टोकाला हाडाचं एक बारीक टेंगूळ असतं. गाठ त्या टेंगळाच्या वर आणि आतल्या अंगाला असेल तर पहिल्या दोघांपैकी. खाली आणि बाहेरच्या अंगाला असेल तर तिसरा. एवढंच. एवढंच शिकवायला सरांनी आमचे तीन आठवडे घेतले. पहिला आठवडा प्रत्येकानं स्वतःचं हाड शोधण्यात गेला. आठ वाढलेले पुरुष पँटच्या खिशात हात घालून, भिंतीकडं तोंड करून, कपाळाला आठ्या घालून उभे. ओपीडीत कुणी नवखा माणूस डोकावला की दार लावून घ्यायचा. मुलींना मोठ्या सिस्टर शेजारच्या खोलीत न्यायच्या आणि त्या पाच मिनिटांत हाड शोधून परत यायच्या. आम्ही मात्र आठवडाभर शोधत होतो. एकाला शेवटपर्यंत सापडलं नाही. तो पुढं डोळ्यांचा डॉक्टर झाला.

सरांच्या ओपीडीत खुर्ची नव्हती, स्टूल नव्हतं. तपासणीचं टेबल होतं, त्यावर डबे ठेवायचे. "झोपलेल्या माणसाचा हर्निया पण झोपलेलाच असतो," म्हणायचे. पेशंट उभा, विद्यार्थी उभे, सर एका गुडघ्यावर. एकदा वरून चार नव्या खुर्च्या आल्या. सरांनी त्या तशाच उचलून डोळ्यांच्या विभागात धाडल्या. "त्यांच्या पेशंटला बसून दिसतंय," एवढाच निरोप.

त्यांच्या हातात कायम चहाचा ग्लास असायचा. पिण्यासाठी नव्हे. कढत ग्लास दोन्ही तळव्यांत धरून हात गरम करायचे, मग पेशंटच्या पोटाला लावायचे. गार हातानं पोट आकसतं आणि सांगायचं ते सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळे पेशंट संपेपर्यंत तो चहा गार व्हायचा. मग काढा प्यावा तसं तोंड करून एका घोटात संपवायचे. आमच्या हिशोबानं त्यांनी उभ्या आयुष्यात गरम चहा प्यायला नसावा.

शिरोळकडचं जैन शेतकरी घर. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा नेम. एखादं ऑपरेशन लांबलं की मोठ्या सिस्टर खिडकीतून बघून म्हणायच्या, "करा सर निवांत, सूर्य पंचगंगेच्या पुलावर थांबलाय." आणि खरंच, सरांचा शेवटचा टाका पडून, हात धुऊन, व्हरांड्यात उभ्यानंच भाकरीचा शेवटचा घास तोंडात गेल्याशिवाय अंधार पडल्याचं मला आठवत नाही. सगळ्या म्हाताऱ्यांना ते अक्का म्हणायचे, सगळ्या म्हाताऱ्यांना म्हणजे बायांना, बाप्यांना अण्णा. साहेब वगैरे त्यांच्या तोंडात नव्हतं.

कळंब्याच्या जेलातनं एकदा एक कैदी आणला होता, जांघ दुखते म्हणून. सोबत बेडी धरून एक पोलीस. सरांनी बेडी काढायला लावली. कैद्याला उभं केलं, तपासलं, खोकायला लावलं. काही नाही. मग पोलिसाकडं बघितलं.

"तुमी चालताना उजवा पाय जपून टाकतायसा."

"सवय हाय, सर."

"खोका."

पोलिसाच्या इजारीत जे निघालं ते नारळाएवढं होतं. नारळ मी म्हणतोय. सिस्टर संत्रं म्हणायच्या. पोलीस वॉर्डात भरती झाला आणि त्याची टोपी, बेडी, काठी सांभाळत कैदी तासभर बाकावर बसून राहिला, दुसरा पोलीस येईपर्यंत. पळाला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ह्या डाक्टरनं हाक मारली तर कुठं बी असलो तरी ऐकू यील की."

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक शाळेतला जुना फळा होता. तो सरांचा. हर्नियाचं ऑपरेशन असलं की आत जाण्याआधी प्रत्येकानं त्यावर आपलं नाव आणि आपला अंदाज खडूनं लिहायचा: कोणत्या वाटेनं आलेला. सर सगळ्यात शेवटी लिहायचे, कुणी त्यांचं बघून लिहू नये म्हणून. ऑपरेशन झालं की खाली खरं काय निघालं ते. सरही चुकायचे. पहिल्या दोघांत तर बऱ्यापैकी चुकायचे, कारण अंगठा थोडा इकडचा तिकडं सरकला की पावणा दरोडेखोर दिसतो. पण स्वतःची चूक ते पुसत नसत. आठवडाभर ती तशीच फळ्यावर, शिपायापासून भूल देणाऱ्या मॅडमपर्यंत सगळ्यांनी वाचायची. एका शहाण्यानं विचारलं, "सर, आता सोनोग्राफी आहे, सीटी आहे. अंदाज कशाला करायचा?" सर म्हणाले, "मशीन बघंल की. पर कुठं बघाय पायजे ते कागदावर कोण लिवणार? तुझा बा?"

हे असं मी तासन्‌तास सांगू शकतो, आणि मित्रांच्यात बसलो की सांगतोही. दरवेळी म्हशींची संख्या वाढते. पण हौसाक्काचं सांगताना मला काही वाढवता येत नाही.

मी तेव्हा सरांच्याच हाताखाली हाउस ऑफिसर होऊन दोन महिने झाले होते. दुपारी तीनला कॅज्युअल्टीत एक म्हातारी आली, हीच हौसाक्का, नृसिंहवाडीच्या वाटेवरच्या एका गावातनं. सत्तरीची, काटक, डोक्यावर पदर, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला. सोबत सून होती, चाळिशीची. त्या भागात बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. "धारा काढून तसाच आलो बघा ह्यास्नी घिऊन," सून म्हणाली. "कालधरनं वकत्यात. पाण्याचा घोट ठरंना."

"काय न्हाय रं लेकरा," म्हातारी मला म्हणाली. "शिळं कालवण खाल्लं, दुसरं काय."

मी नाडी बघितली, जीभ बघितली. पोट दाबलं, लुगड्याच्या वर जेवढं दिसत होतं तेवढंच. शेजारच्या खाटेवर ट्रॅक्टर उलटून आलेले तिघे होते आणि मधल्या पडद्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या होत्या. मी पोटाला हात लावला तेवढ्या वेळात तिनं डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. लुगडं जरा ढिलं करा, एवढंच म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं नाही.

केसपेपरवर हर्नियाच्या जागांसाठी एक ओळ असते. ती आम्ही सगळेच न बघता भरायचो. पेन तिथं पोचलं की आपोआप चालायचं. मी लिहिलं: काही नाही. वर निदान लिहिलं, पित्त. इंजेक्शन, सलाईन, बायकांच्या वॉर्डात भरती. उद्या सकाळी एक्स-रे. सही केली, वेळ टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा राउंड. म्हातारीचं पोट फुगलेलं, ओकारीला घाण वास येत होता. राउंडच्या वेळी नातेवाईक बाहेर, त्यामुळं सून व्हरांड्यात. सरांनी केसपेपर वाचला, म्हातारीकडं बघितलं, आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"अक्का, पोटाचं दुखणं कधीकधी खाली लपतंय. जांघ बघाय लागंल. पडदा लावतो, सिस्टर लुगडं ढिलं करतील. मी तिकडं तोंड करतो. तुमी वळा म्हटल्याबिगर वळणार न्हाई."

"नगं," म्हातारी म्हणाली.

"बरं," सर म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आम्हीही फिरलो. वॉर्डात पंख्याची खडखड तेवढी. किती वेळ गेला सांगता येत नाही. भिंतीचा रंग कुठं कुठं पोपडून निघालाय ते मला अजून सांगता येईल.

"बगा," म्हातारी म्हणाली.

सर वळले, बघितलं, आणि मला बोटानं बोलावलं. माझं बोट धरून आधी हाडाच्या टेंगळावर ठेवलं. मग तिथनं खाली, बाहेरच्या अंगाला, दोन बोटं सरकवलं. सुपारीएवढी गाठ होती. टणक. वरची कातडी लालसर, गरम. बोट लागताच म्हातारीनं दातावर दात दाबले.

"कुठाय?"

"हाडाच्या खाली, सर. बाहेरच्या अंगाला."

"मग?"

"फिमोरल. अडकलेला."

सरांनी पडद्याबाहेर येऊन केसपेपर माझ्यासमोर धरला. "हितं 'काही नाही' लिवलंयस. बघितलं हुतंस?"

त्यांचा आवाज खाली होता. ज्या माणसाच्या हाकेनं बाकावरचे लोक खोकायचे, त्याचं बोलणं ऐकायला मला मान पुढं करावी लागली.

"नाही, सर."

"मग त्याच्याखाली तसं लिव. आजची तारीख, वेळ, सही. वरचं खोडू नको."

मी लिहिलं. 'काल दुपारी जांघ तपासलेली नव्हती.' पाच शब्द लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सिस्टरनी थिएटर तयार केलं होतं. फळ्यापाशी सगळ्यांनी आपापली नावं लिहिली. मी खडू उचलला तेव्हा सरांनी तो माझ्या हातातनं काढून घेतला. "तुजा अंदाज काल लिवून झालाय."

आत वीतभर आतडं काळं पडलेलं निघालं. सरांनी ते कापून काढलं, दोन्ही टोकं जोडली. हात धुताना म्हणाले, "घरात कोण ठरवतंय सगळं?"

"सून, सर. मुलगा ऊसतोडीच्या गाडीवर असतो."

"मग तिला सांगायचं. काय झालं ते, आणि काय झालं न्हाई ते. तू सांगायचं, मी न्हाई."

दुपारी मेसमध्ये सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. एक म्हणाला, "सांग की. पंचवीस जण येतील दोन जीपा भरून. आधी काचा फुटतील, मग तू." दुसरा म्हणाला, "म्हातारी जगली तर कशाला सांगायचं? आणि मेली तर कशाला सांगायचं?" मला ते पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. ती बरी होऊन घरी गेली तर सांगण्यासारखं काही उरणारच नाही, असा माझा हिशोब. मी तिच्या खाटेपाशी दिवसातनं दहादा जायचो. लघवी मोजायचो, पोटावर हात ठेवायचो, आणि आत कुठं आतड्याची गुरगुर ऐकू येतेय का म्हणून तो माझा स्टेथोस्कोप लावून बसायचो. सून पायथ्याशी बसलेली असायची. "खाल्लासा का न्हाई काय?" मला विचारायची. एकदा तिनं डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

सर रोज सकाळी एकच विचारायचे.

"सांगितलंस?"

"नाही, सर."

पुढच्या खाटेकडं जायचे. त्या चार दिवसांत सूर्य कुणासाठी थांबला नाही. सरांचा डबा दोनदा तसाच घरी गेला, कारण संध्याकाळी ते हौसाक्काच्या खाटेशी उभे असायचे. तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. चौथ्या दिवशी ती मला ओळखेना. मी सरांना विचारलं, "काल दुपारीच कळलं असतं तर वाचली असती का?" काल म्हणालो मी, चार दिवस होऊन गेले होते तरी माझ्या डोक्यात ती दुपार कालचीच होती.

"ठाऊक न्हाई," सर म्हणाले. "वाचली असती म्हणणं सोपं हाय. नसतीच वाचली म्हणणं त्याच्याहून सोपं. दोन्ही म्हणू नकोस."

पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

सर आता निवृत्त आहेत. कळंब्याच्या तलावाला रोज फेरी मारतात, आणि भेटलो की माझ्या पेशंटांची चौकशी करतात, माझी नाही. माझ्या स्वतःच्या दवाखान्यात खुर्च्या आहेत, मी सरांइतका मोठा माणूस नाही. पण पोट दुखतंय म्हणून कुणी आलं की तपासायच्या टेबलाभोवतीचा पडदा मी स्वतः ओढतो आणि त्याच्या कड्या मोजतो. बावीस आहेत. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही.

हौसाक्का गेली त्या सकाळी सून वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात होती. मुलगा खाली गाडी बघायला गेला होता. ती सासूचं लुगडं घडी घालत होती, चार पदरी, काठाला काठ लावून. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सर माझ्या मागं न राहता माझ्या एक पाऊल पुढं, जिन्याच्या बाजूला येऊन थांबले. जिन्यावरनं कुणी धावत वर आलंच असतं तर पहिले तेच सापडले असते.

मी सांगितलं. "त्या दिवशी दुपारी मी जांघ तपासली नाही. तपासली असं कागदावर लिहिलं. गाठ तिथंच होती. तेव्हा बघितली असती तर त्याच दिवशी ऑपरेशन झालं असतं. लुगडं ढिलं करा म्हणायला मला अवघड वाटलं. त्या नाही म्हणतील असं वाटलं."

तिनं घडी पुरी केली. पिशवीत तळाशी ठेवली, वर डबा ठेवला, आणि पिशवीचे बंद एकत्र धरून माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती.

"पयल्यांदा न्हाईच म्हटल्या असत्या त्या," ती म्हणाली. "मग मी समजावलं असतं. मी तितंच उभा हुतो की."